टाकीखालची रांगोळी

पुरुषमाणसाला रांगोळी घालताना मी पहिल्यांदा पाहिलं ते कुंभकोणमला, आणि तीही डिझेलच्या टाकीखाली. ओसरीच्या तुळईला दोन दोरांनी टाकी टांगलेली. तिच्या खाली उकिडवा बसलेला एक काटकुळा म्हातारा, कपाळावर गोपीचंदनाचा उभा टिळा, डाव्या हातात तांदळाच्या पिठाची करवंटी. ठिपके असे सरळ की वाटावं, पट्टी लावूनच काढलेत. रस्त्यानं जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि त्याचं म्हाताऱ्याला काहीही वाटत नव्हतं.

मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, की मुरुगेशननं सांगितलेले टाक्या घडवणारे ते आपणच का. मुरुगेशन म्हणजे आमच्या फिरत्या दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर. म्हाताऱ्यानं मान वर न करता उत्तर दिलं, ते चक्क मराठीत.

"तेथें उभ्या राहूं नका, डॉक्टरम्मा. सावली पडते. ओल दिसत नाहीं."

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून मी मिरजेहून तिथे आले त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. घराबाहेर मराठीचा शब्द म्हणून कानावर पडला नव्हता. मराठ्यांच्या राज्यात तिकडे जाऊन राहिलेली घराणी अजून आहेत, तमिळ लोक त्यांना सरसकट 'रायर' म्हणतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण डिझेलच्या टाकीखालून मराठी ऐकू येईल असं काही वाटलं नव्हतं. मी आनंदानं घडाघडा बोलायला लागले. रायर शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचें मराठी फार घाईचें. अर्धे शब्द खाऊन टाकतां."

पुढची पाच वर्षं मी त्यांना ओळखत होते, आणि या पाच वर्षांत त्यांनी माझं मराठी एकदाही चांगलं म्हटलं नाही.

रांगोळीचा खुलासा त्यांनी पहिल्याच दिवशी केला. टाकी डिझेलनं काठोकाठ भरून टांगायची. खाली रोज पहाटे कोरडं पीठ घालायचं. बारीकशा भेगेतून सुईच्या टोकाएवढा थेंब जरी गळला तरी पिठावर डाग पडतो. असं एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. तिकडे व्रत, औषध, नवससायास, सगळं मंडलाच्या हिशोबानंच चालतं. पण टाकीचं मंडल करणारा हा एकच इसम.

"पण काका, एका दिवसात कळत नाही का गळती?"

"पाण्यास घाई नसते. तेलास तर त्याहून नसते. वाट शोधायला त्यांस एक मंडल लागतें. तेवढ्यांत नाहीं मिळाली, तर मग नाहीं मिळत."

'पाण्यास घाई नसते' हे त्यांचं आवडतं वाक्य. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं. पुढे त्याचा मला भयंकर राग आला, आणि आता मी ते माझ्या सुनेला ऐकवते.

मी टाकीच्या मागे का लागले होते ते सांगायला हवं. आदल्या वर्षीच्या कार्तिकात वादळ झालं, कावेरीची कोळ्ळिडम ही शाखा फुगली आणि खालच्या अंगाची सगळी भातशेती पाण्यात गेली. पूर आला की साप उंचवट्याला येतात आणि माणसंही उंचवट्यालाच येतात. एका बाईला साप चावला. लावणी करणारी मजूर बाई, दोन लहान मुलांची आई. मी जीपमध्ये औषध टोचलं, पण तिचा श्वास मंद व्हायला लागला होता, तिला गावातल्या मोठ्या इस्पितळात न्यायलाच हवं होतं. वाटेतले दोन्ही पंप पाण्याखाली होते. इस्पितळ चार मैलांवर राहिलं आणि आमचं डिझेल संपलं. खाटेवर घालून नेलं तिला. खाट इस्पितळाच्या दाराशी टेकली तेव्हा फार उशीर झाला होता.

मी डॉक्टर आहे, मरण पाहिलेलं आहे. पण डिझेल नाही म्हणून माणूस गेलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या बाईचा हात माझ्या हातात होता आणि मुरुगेशन रिकाम्या टाकीत काठी बुडवून पुन्हा पुन्हा बघत होता. पुढच्या पावसाळ्याआधी जीपला दुसरी टाकी बसवायचीच, असं मी तिथेच ठरवलं. डबे भरून मागे ठेवायचा उपाय आम्ही करून पाहिला होता. त्या वासानं रोगी ओकत. तसेही खाचखळग्यांच्या रस्त्यानं निम्मे रोगी ओकायचेच. म्हणून वांतीच्या गोळ्या मी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातच ठेवत असे, हात घातला की मिळाव्यात म्हणून.

रायरांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी चालत आलेली. हे गृहस्थ मात्र तरुणपणी भांड्यांच्या गल्लीत जाऊन तांबटांच्या हाताखाली बसले, आणि घरच्यांनी जवळजवळ नाव टाकलं. सोवळं मात्र सुटलं नाही. स्नान केल्याशिवाय टाकीला हात लावत नसत. एकादशीला भट्टी पेटवत नसत. रागावलेल्या माणसाला कामापाशी उभं राहू देत नसत, कारण "रागाचा माणूस वाफ घेऊन येतो." जुनी टाकी डागायला आली की आधी ती पाण्यानं तोंडापर्यंत भरायची आणि डागायची जागा तेवढी कोरडी ठेवायची. "रिकामी टाकी रिकामी नसते. तिच्यांत वास असतो. वासच जाळतो." चाळीस वर्षांत त्यांच्या ओसरीवर कधी भडका उडाला नव्हता.

आणखी एक गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. ज्यांच्या टाक्या हा माणूस घडवत होता त्या मोटारी, लॉऱ्या, जीपा, यांपैकी एकाही गाडीत तो बसत नसे. एसटीतसुद्धा नाही. गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनाला जायचं तरी पायी, पट्टीश्वरमला लग्न असलं तरी पायी. कुणी म्हणायचं गुरूला वचन दिलंय, कुणी म्हणायचं जन्माचं व्रत आहे. त्यांना विचारलं की ते नुसते हात जोडत. मुरुगेशन तर ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणायचा. मीही मनातून चकित झाले होते. देवळांच्या त्या गावात माणूस एखादी गोष्ट करत नाही म्हणजे ते व्रतच, दुसरं काही सुचतच नाही कुणाला.

आमच्या टाकीचं माप त्यांनी घेतलं ते कामही बघण्यासारखं. टेप लावलीच नाही. एक रुंद तोंडाचं पितळी पातेलं आणलं, आतून गोपीचंदन उगाळून त्याचा लेप दिला, वाळवला. मग ते जीपमध्ये बाकाखाली बसवलं, अर्धं पाणी भरलं आणि मुरुगेशनला सांगितलं, कालव्याच्या बांधावरून पट्टीश्वरमला जा आणि परत ये, रोज हाकतोस तशीच हाक. स्वतः ओसरीवर बसून राहिले. तासाभरानं जीप आली तेव्हा त्यांनी पातेल्यात डोकं घातलं. पाणी जिथवर उसळलं होतं तिथवर चंदन धुऊन गेलं होतं. डाव्या अंगाला एक जीभ पार काठापर्यंत गेलेली. रायर मुरुगेशनला म्हणाले, "डावीकडे वळतांना तूं ब्रेक उशीरां लावतोस."

मुरुगेशन लाजून लालबुंद झाला. मी जीपमध्ये त्याच्या शेजारी वर्षभर बसत होते, मला हे कळलं नव्हतं. पातेल्यानं तासाभरात सांगितलं.

मग जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यांची टाकी झाली. बाकाखाली ती चपखल बसेपर्यंत त्यांनी ती चार वेळा कापली. एका अंगाला लक्ष्मी, एका अंगाला कुठल्याशा सराफाचं दुकान, अशी ती टाकी कित्येक दिवस आमच्या जीपमधून फिरली. नंतर पत्रा. आतून भांड्याला करतात तशी कल्हई. पाणी जिथे उसळलं होतं तिथे आत आडव्या भिंती, भोकं पाडलेल्या, म्हणजे डिझेल एका बाजूला धाव घेणार नाही. खाली जुन्या ट्यूबच्या रबराची गादी. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी दोन टाक्यांमधला कॉक, तो फिरवला की इंजिनला एकीऐवजी दुसरीतलं डिझेल मिळणार. कंपनीची टाकी ती थोरली, ही धाकटी.

एक नळी मात्र मला पटली नाही. टाकीला हवा लागते म्हणून त्यांनी बोटभर जाडीची एक नळी काढली, ती कापडी हूडच्या कमानीला बांधत बांधत पार छतापर्यंत नेली आणि वर तिला वाकवून तोंड खाली केलं. गाडीच्या पाठीवर कुणीतरी छत्री विसरल्यासारखी ती दिसे. मी म्हटलं, कंपनीच्या टाकीला तर असलं काही नाही.

"कंपनीस कावेरी ठाऊक नाहीं," रायर म्हणाले.

त्या वर्षी वादळ लवकर आलं. रेडिओवर इशारा झाला त्या दिवशी टाकीचा एकेचाळिसावा दिवस होता. मी सकाळी ओसरीवर गेले, म्हटलं, काका, आज टाकी बसवा. ते म्हणाले, सात दिवस आहेत.

मी समजावलं. मग चिडले. त्या ओसरीवर रागावायचं नाही हा नियम मी धाब्यावर बसवला आणि त्या मजूर बाईची सगळी हकीकत त्यांना मोठ्यानं सांगितली, हातातल्या हातासकट. तुमच्या पाण्याला घाई नसेल, मरणाऱ्याला असते, असंही म्हणाले. रायर पिठाकडे बघत बसले होते.

"एकेचाळीस दिवस कोरडी आहे," ते सावकाश म्हणाले. "पण मंडल जाहलें नाहीं. अर्धी शिजलेली वस्तु मी कोणास वाढली नाहीं."

"मग?"

"टाकी नेऊं या. तिच्यांतल्या डिझेलास हात लावूं नका. राहिलेले सात दिवस ती गाडींत काढील." ते उठले आणि खुंटीवरचं उपरणं घेतलं. "आणि मी तिच्यापाशीं बसतों."

मुरुगेशनच्या हातातला पाना खाली पडला.

दुपारपर्यंत टाकी बसली. टाकीच्या खालच्या फटीत त्यांनी एक पितळी ताट सरकवलं, त्यात पीठ भुरभुरवलं, आणि चाळीस वर्षांत ज्यांनी मोटारीत पाऊल ठेवलं नव्हतं ते गृहस्थ स्वतःच्या टाकीवरच्या बाकावर जाऊन बसले. गल्लीतले लोक बाहेर येऊन बघत होते. एक म्हातारी तर नमस्कार करून गेली.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. पाऊस, चिखल, पाण्याखालचे रस्ते. आम्ही शाळांच्या पडव्यांत झोपायचो, दिवसा गावामागून गाव. रायर बाकावर ताठ बसलेले, डोळे मिटलेले, ओठ घट्ट, एक हात टाकीच्या सांध्यावर. मधूनच ओठ हलत. गाडी थांबली की खाली वाकून ताट बघायचे, पीठ बदलायचे. खायचे म्हणाल तर मूठभर लाह्या आणि सुंठेचा खडा. लोक मदतीची खिचडी घेऊन आले की हात जोडायचे. मुरुगेशन गावोगाव हळूच सांगायचा, "रायरांचा सात दिवसांचा उपास आहे. टाकीसाठी." मग बायका त्यांच्या पाया पडायच्या, आणि ते बिचारे अवघडून आशीर्वाद द्यायचे. मी एकदा म्हटलं, काका, या वयात इतका कडक उपास बरा नाही. ते डोळे न उघडता म्हणाले, "बोलवूं नका, डॉक्टरम्मा."

मला वाटलं, जपात खंड पडतो.

शेहेचाळिसाव्या दिवशी दुपारी एका बांधावर लोकांनी हात करून जीप थांबवली. सोळासतरा वर्षांची पोर, भाऱ्यातल्या सापानं मनगटाला डसलेली. पापण्या मिटायला लागल्या होत्या. मी औषध सुरू केलं, समोरच्या बाकावर तिला आडवं घातलं, आणि मुरुगेशननं गाडी कुंभकोणमच्या दिशेनं सोडली. वाटेत एक मोरी फुटली होती. पाणी सीटपर्यंत आलं, तसं रायरांनी ताट उचलून छातीशी धरलं. जीप पलीकडे चढली, पन्नास पावलं गेली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

मुरुगेशननं उतरून थोरल्या टाकीचं झाकण काढलं, काठी घातली, आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावरूनच कळलं. झाकणावाटे पाणी आत गेलं होतं. डिझेल होतं, पण निम्मं पाणीच.

पोरीचा हात माझ्या हातात होता. मागच्या वर्षीसारखाच. इस्पितळ सहा मैल. मी रायरांकडे बघितलं. मुरुगेशनही बघत होता, पण कॉकला हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती. आणि खरं सांगते, माझीही नव्हती. त्या माणसानं आपला शब्द सांभाळायला काय काय केलं होतं ते आम्ही पाहिलेलं होतं.

रायरांनी छातीशी धरलेलं ताट खाली घेऊन पाहिलं. पीठ कोरडं होतं. त्यांनी पोरीकडे बघितलं, मग टाकीवर तळवा ठेवला, निजलेल्या लेकराला उठवावं तसा, आणि म्हणाले, "ऊठ गो. दोन दिवस आधीं उठवतों तुज."

आणि पुढे वाकून कॉक त्यांनी स्वतःच फिरवला.

मुरुगेशननं फिल्टरमधलं पाणी सांडलं, हातपंप मारून नळीतली हवा काढली. मी प्रत्येक दट्ट्याबरोबर पोरीचा श्वास मोजत होते. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. छतापर्यंत नेलेल्या त्या छत्रीच्या मुठीतून एक थेंब पाणी आत गेलेलं नव्हतं. सहा मैल रायर गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी नळीचा सांधा धरून आले. पोर इस्पितळात आत गेली तेव्हा श्वास घेत होती. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले.

मी व्हरांड्यात बसून रडले. रायरांच्या पायांवर डोकं ठेवायला जीपकडे गेले, तर ते टाकीखाली नवं पीठ घालत होते. "अजून दोन दिवस आहेत," म्हणाले. थोरली टाकी साफ झाली, आणि आम्ही पुन्हा बाहेर पडलो. तेही बसले.

अठ्ठेचाळीस दिवस पुरे झाले त्या सकाळी आम्ही परत फिरलो होतो. पाणी ओसरलं होतं, ऊन पडलं होतं. तिरुवलंचुळीला मुरुगेशननं पांढऱ्या गणपतीला हात जोडायला गाडी थांबवली. रायर उतरले, ताट उन्हात धरून पाहिलं. डाग नव्हता. मुंग्या तेवढ्या लागल्या होत्या. त्यांनी पीठ रस्त्याच्या कडेला मुंग्यांसाठी ओतलं, ताट काखेत मारलं आणि मला म्हणाले, "मंडल जाहलें. आतां ती तुमची." आणि उपरणं सावरून कुंभकोणमच्या दिशेनं चालू लागले.

"काका, अहो, आम्ही गावातच चाललोय! बसा, दारात सोडते."

ते थांबले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मी संकोच पाहिला.

"नको, डॉक्टरम्मा. मोटारींत बसलों कीं मज वांती होते. लहानपणापासून."

व्रत नव्हतं, वचन नव्हतं, उपास तर नव्हताच. मिटलेले डोळे, घट्ट ओठ, मूठभर लाह्या. तो जप नव्हता. आठवडाभर हा सत्तरीला टेकलेला माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसून वांती गिळत होता, आणि मी, डॉक्टर, त्याला उपासाबद्दल उपदेश करत होते. गोळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होत्या, हात घातला की मिळाव्यात म्हणून.

"सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"सांगितलें असतें तर तुम्ही मज उतरवलें असतें," ते म्हणाले आणि निघाले.

मी जीपमध्ये बसले. मुरुगेशननं गाडी सुरू केली आणि पहिल्या गियरमध्येच ठेवली. मी म्हटलं, चल की. तो मान हलवून म्हणाला, "अम्मा, ते पुढे चालताहेत. त्यांच्या पुढे गाडी कशी घालू?"

मी पुन्हा चल म्हटलं नाही. मैलभरानं मी उतरले आणि मागून चालू लागले. पुढे उपरण्यातला तो म्हातारा, मागे मी, माझ्यामागे पहिल्या गियरमध्ये घुरघुरणारी जीप, असे आम्ही त्यांच्या ओसरीपर्यंत गेलो. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ओसरी चढण्याआधी पाय धुताना तेवढं म्हणाले, "मुरुगेशा, आज डावीकडे वळतांना ब्रेक वेळेवर लावलास."